निप्पॉनची जमीन : भद्रावतीच्या लँड बँकेचं एक प्रकरण

चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावती तालुक्यात कोणालाही विचारा निप्पॉनची जमीन कुठाय, तो हात करून दाखवेल. ढोरवासा, तेलवासा, चिरादेवी, पिपरी, चारगाव हा सगळा पट्टा. कंपनीचं खरं नाव निप्पॉन डेन्रो इस्पात, बोलता बोलता त्याचं डेंड्रो झालं आणि आता तेच चालतं. तिथे वीजकेंद्र होणार होतं, ते काही झालं नाही. मधल्या काळात कंपनीचं नाव बदलून इस्पात इंडस्ट्रीज झालं, २०१० च्या डिसेंबरात तिचा ताबा जेएसडब्ल्यूकडे गेला, पुढे ती त्यांच्या स्टील कंपनीत विलीन पण झाली, म्हणजे निप्पॉन नावाचं आता काही उरलेलंच नाही, तरी जमीन अजून निप्पॉनचीच. सातबारा काढला तर नाव एमआयडीसीचं, म्हणजे राज्य सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाचं. आणि जून लागला की तिफण घेऊन येतो तो तिसराच माणूस, ज्याच्या आज्याचं ते वावर होतं.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की लँड बँक हा विषय परत जोरात आहे. सरकारने जमीन आधीच घेऊन ठेवायची, मोजणी करून नकाशात टाकायची, आणि उद्या कोणी दहा वीस हजार कोटी घेऊन आला की त्याला म्हणायचं हे घ्या, भूसंपादनाची भानगड नाही, उद्यापासून कंपाउंड घाला. ऐकायला काही वाईट नाही यात. २०२० च्या मे महिन्यात लॉकडाऊन चालू असतानाच बातमी आली होती की चीनमधून निघणाऱ्या कंपन्यांसाठी केंद्राने देशभरात ४,६१,५८९ हेक्टर जमीन हेरून ठेवलीय, म्हणजे लक्झेंबर्ग देशाच्या जवळपास दुप्पट, त्यातली १,१५,१३१ हेक्टर गुजरात, महाराष्ट्र, तामिळनाडू, आंध्र अशा राज्यांतली आधीपासूनची औद्योगिक जमीन. लगेच महाराष्ट्र सरकारने पण सांगितलं की आमच्याकडे ४०,००० एकर तयार आहे. ऑगस्टमधे केंद्राचं इंडस्ट्रियल लँड बँक नावाचं पोर्टल आलं, घरबसल्या नकाशावर बघा कुठल्या राज्यात कुठल्या एमआयडीसीत किती जागा रिकामी. त्या नकाशात रिकामी जागा म्हणजे एक रंगीत चौकोन असतो. भद्रावतीकडच्या असल्या चौकोनात पऱ्हाटी म्हणजे कपाशी उभी असते, तूर असते, धुऱ्यावर बाभळी असतात आणि मचाणावर रात्री रानडुकरं हाकलायला बसलेला माणूस असतो.

आता मुळापासून.

१९९१ नंतर केंद्राने वीज खासगी कंपन्यांना मोकळी केली. राज्यांच्या वीज मंडळांकडे पैसा नव्हता म्हणून बाहेरच्या कंपन्यांना बोलवायचं ठरलं आणि आठ प्रकल्प फास्ट ट्रॅक म्हणून निवडले, ज्यांना केंद्राची हमी मिळणार होती, म्हणजे मंडळाने वीजबिल थकवलं तर केंद्र भरणार. त्या आठातला एक सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, एनरॉनचा दाभोळ. दुसरा होता आमचा भद्रावतीचा, १,०७२ मेगावॉटचा, त्यासाठी सेंट्रल इंडिया पॉवर कंपनी म्हणून वेगळी कंपनी काढली, त्यात इस्पातसोबत फ्रान्सची वीज कंपनी ईडीएफ आणि जीईसी अल्स्टॉम होते. जागा निवडली ती काही चुकीची नव्हती हे मान्य करायला पाहिजे. कोळसा पायाखाली, वर्धा नदी बाजूला, भांदक स्टेशन दिल्ली-चेन्नई मेन लाईनवर, नागपूर-चंद्रपूर रोड लागून. एवढं सगळं एका ठिकाणी कुठे मिळतं. म्हणून एमआयडीसीने नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत १,२०० हेक्टरच्या जवळपास जमीन संपादित केली, म्हणजे ३,००० एकराच्या आतबाहेर.

पुढे काय झालं ते दाभोळमुळे कळतं. तिथली वीज महाग, घेतली नाही तरी कराराप्रमाणे ठरावीक पैसे द्यायचेच, आणि मंडळाला ते झेपेना. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने दाभोळची वीज घेणं बंद केलं. ज्या मंडळाचं एका प्रकल्पात कंबरडं मोडलं त्याच मंडळाने भद्रावतीची वीज पण विकत घ्यायची होती, तर मंग त्या करारावर कोण पैसे लावणार. फ्रेंच गेले, कंपनी स्वतःच कर्जात बुडाली, विषय संपला. म्हणजे तो प्रकल्प पडला त्याला गावातल्या कोणाचा विरोध कारण नव्हता, आंदोलन कारण नव्हतं, जमीन मिळाली नाही हे तर अजिबातच कारण नव्हतं. जमीन एकच गोष्ट होती जी वेळेवर मिळाली.

हा मुद्दा मला यात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे गुंतवणूक आली नाही की पहिलं कारण सांगतात भूसंपादन. इथे जमीन हातात होती, कोळसा होता, पाणी होतं, हमी होती आणि तरी काही उभं राहिलं नाही. आणि गंमत बघा, बाजूलाच बरांजची खाण, तिथला कोळसा निघतो तो कर्नाटकच्या वीज कंपनीसाठी. वरोऱ्याच्या एमआयडीसीत खासगी वीजकेंद्रं आली, चंद्रपूरचं सरकारी केंद्र वाढलं, आणि निप्पॉनच्या जमिनीत सोयाबीन.

कारखाना येत नाही म्हटल्यावर कास्तकारांनी काय करावं अशी अपेक्षा होती मला माहीत नाही. जमीन काळी, कसदार, दारासमोर पडलेली, कोणी कंपाउंड घातलं नाही, कोणी हटकलं नाही. ज्याचं वावर होतं त्याने परत नांगर घातला. काहींनी मोबदल्याच्या पैशातून दुसरीकडे दोन एकर घेतले होते, काहींनी पोरींची लग्नं केली, घर बांधलं, काहींचा पैसा वर्षभरात कुठे गेला ते त्यांना पण सांगता येत नाही. त्या काळचा भाव आजच्या मानाने काहीच नव्हता. ज्यांनी संमतीने करार करून पैसे घेतले त्यांना कोर्टात वाढीव मोबदला मागायची सोय राहिली नाही, आणि गावात तेव्हा सांगितलं काय जात होतं तर घरटी नोकरी लागेल. नोकरी मिळणार म्हणून भावावर कोणी अडून बसलं नाही, हे आजही तिथले म्हातारे बोलून दाखवतात.

मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो, फॉर्म भरणं हाच धंदा, त्यामुळे या प्रकरणाचा जो भाग मला दिसतो तो मंत्रालयातल्या कोणाला दिसत असेल असं वाटत नाही. तो भाग असा की सातबारा नसलेला कास्तकार नेमकं काय काय गमावतो.

पहिलं पीक कर्ज. बँक असो नाहीतर सोसायटी, सातबारा आणि आठ अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनीचा उतारा) शिवाय फाईल हातात पण घेत नाही. मंग बियाणं, खत, फवारणीचं औषध कृषी केंद्रवाल्याकडून उधारीवर, आणि उधारी फेडायची कापूस निघाल्यावर, त्यालाच किंवा त्याच्या ओळखीच्या व्यापाऱ्याला माल घालून. पीक कर्ज नाही म्हणजे कर्जमाफी पण नाही. २००८ ची गेली, २०१७ ची दीड लाखाची गेली, २०१९ ची महात्मा फुले योजनेतली दोन लाखाची गेली. सावकाराचं कर्ज त्या योजनांत बसत नव्हतं. दुसरं पीक विमा, परत सातबारा. अतिवृष्टीचे पैसे, सातबारा. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, मोबाईलवरून आपलं पीक आपणच सातबाऱ्यावर नोंदवायचं, पण ते खातेदाराने. इथे खातेदार एमआयडीसी. आता एमआयडीसी थोडीच मोबाईल घेऊन वावरात येऊन कपाशीचा फोटो काढणार.

आणि पीकपेरा नाही म्हणजे हमीभाव पण नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. सीसीआयला म्हणजे केंद्राच्या कापूस महामंडळाला कापूस द्यायचा, नाफेडला सोयाबीन द्यायचं तर नोंदणीत सातबारा आणि त्यावर पिकाची नोंद लागते. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव होता ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजार, एकेचाळीसशे असं चाललं होतं. क्विंटलमागे सात आठशेचा फरक. समजा पाच एकरात पंचवीस क्विंटल सोयाबीन झालं, तर नुसत्या एका कागदापायी त्या घराचे एका हंगामात अठरा वीस हजार गेले. कापसाचं तेच, खेडा खरेदीवाला दारात येतो, काटा त्याचा, भाव त्याचा, आणि तुमच्याकडे दुसरा रस्ता नाही हे त्याला पक्कं माहीत असतं.

पीएम किसानचे वर्षाला ६,००० आणि २०२३ पासून राज्याच्या नमो शेतकरीचे वेगळे ६,०००, हे पण गेले, कारण १ फेब्रुवारी २०१९ ला जमीन तुमच्या नावावर असायला पाहिजे होती. ताडोबा जवळ असल्याने रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगायी किती नुकसान करतात ते इकडच्यांना सांगायला नको, वनविभाग भरपाई देतो पण त्या अर्जाला पण सातबारा. विहीर, कृषीपंपाचं कनेक्शन, ठिबक, सगळ्यांचं तेच. आणि जे लिहायला हात कचरतो ते पण लिहितो, घरातल्या कर्त्या माणसाने जीव दिला तर सरकारची जी एक लाखाची मदत असते ती मिळायला पण त्या कुटुंबाच्या नावावर जमीन असावी लागते.

बरं मंग याला भूमिहीन म्हणावं तर गावात कोणी मानत नाही, पाच एकर करतो म्हणतात सगळे. शेतकरी म्हणावं तर कागद मानत नाही.

प्रकल्पग्रस्ताच्या दाखल्याचं वेगळंच. सरकारी नोकरीत प्रकल्पग्रस्तांना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, त्यासाठी दाखला लागतो आणि तो एका खात्यामागे एकाच्याच नावाने. खातं आज्याचं, त्याला चार पोरं, त्यांची मिळून दहा बारा नातवंडं, आणि दाखला एक. कोणाच्या नावाने काढायचा यावरून भावाभावात बोलणं बंद झालेली घरं आहेत. प्रकल्प वेळेत आला असता तर निदान पहिल्या पिढीतच काय ते ठरून गेलं असतं. जमीन जितकी जास्त वर्षं पडून राहते तितके वारस वाढतात, आणि सरकार म्हणतं आम्ही मोबदला तर एकदाच दिला, आता तिसऱ्या पिढीला काय देणार.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर कास्तकाराची बाजू फारच लंगडी आहे, हे स्पष्ट सांगितलेलं बरं, कारण गावात पुढारी येऊन सांगतात की पाच वर्षांत कारखाना आला नाही तर जमीन परत मिळते आणि लोक त्या भरवशावर बसून राहतात. पाच वर्षांची गोष्ट खोटी नाही, पण ती २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली आहे, कलम १०१. त्यात असं आहे की ताबा घेतल्यापासून पाच वर्षं जमीन न वापरता पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या लँड बँकेला परत जाईल. तो 'किंवा' नीट वाचा. कोणाला द्यायची ते सरकारच ठरवणार, आणि सरकार स्वतःला सोडून दुसऱ्याला कशाला देईल. लँड बँक म्हणजे काय हे पण त्या कलमातच सांगितलंय, पडीक आणि न वापरलेल्या संपादित जमिनी कामाला लावणारी सरकारी संस्था. म्हणजे ज्या कायद्याला आपण कास्तकाराच्या बाजूचा कायदा म्हणतो त्यातच पडीक जमीन सरकारकडे ठेवायची सोय करून ठेवलेली आहे.

आणि ते पण भद्रावतीला लागू नाही. इथली जमीन १९६१ च्या एमआयडीसी कायद्याखाली घेतलेली. त्या कायद्यात राजपत्रात नोटीस निघाली की जमीन सरकारजमा, कुठलाही बोजा न राहता. परत द्यायचं कलम नाही. वरून २०१८ साली महाराष्ट्राने २०१३ च्या कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून एमआयडीसी कायदा त्याच्या बाहेर काढून ठेवला. सुप्रीम कोर्टाने अनेक वर्षांपासून हेच म्हटलंय की एकदा सरकारजमा झालेली जमीन मूळ कामासाठी लागली नाही तर दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरता येते, मूळ मालकाचा त्यावर हक्क येत नाही. २०२० च्या मार्चमधे पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने इंदूर विकास प्राधिकरणाच्या खटल्यात अजून एक गोष्ट पक्की केली. मोकळ्या जमिनीचा पंचनामा झाला म्हणजे ताबा गेला, त्यानंतर तिथे कोणी कसत राहिला तर तो अतिक्रमण करणारा. म्हणजे पंचवीस तीस वर्षं घाम गाळला याचं कोर्टात मोल शून्य. गावातल्या माणसाला हे समजावून सांगणं मला अजून जमलेलं नाही, तो म्हणतो अरे बाबू, मी रोज जातो ना वावरात, मंग ताबा कोणाचा?

इथे शेजारचं एक उदाहरण आठवतं. छत्तीसगडमधे बस्तरच्या लोहंडीगुडात टाटा स्टीलसाठी दहा गावांतली १,७०० हेक्टरच्या वर जमीन घेतली होती, २००५ चा करार. कारखाना झाला नाही, २०१६ ला टाटांनी माघार घेतली. तिथल्या सरकारने आधी तेच केलं जे सगळे करतात, जमीन लँड बँकेत टाकली. २०१८ च्या शेवटी सरकार बदललं आणि नव्या सरकारने २०१९ च्या फेब्रुवारीत १,७०७ शेतकऱ्यांना जमिनीचे कागद परत दिले. कोर्टाने सांगितलं म्हणून नाही, निवडणुकीत शब्द दिला होता म्हणून. भद्रावतीपेक्षा जास्तच जमीन होती ती. म्हणजे कायदा आडवा येतो हे अर्धंच खरं, सरकारने मनात आणलं तर रस्ता निघतो. पण आपल्याकडे तसं व्हायची शक्यता मला कमी वाटते, कारण बस्तरच्या त्या जमिनीला दुसरा गिऱ्हाईक नव्हता आणि भद्रावतीच्या जमिनीला आता आलाय.

तर आता त्याच्यावर येतो. २०२३ च्या जानेवारीत दावोसला राज्य सरकारने जे करार केले त्यात न्यू एरा क्लीनटेक नावाच्या कंपनीचा भद्रावतीतल्या कोल गॅसिफिकेशनचा करार होता, २०,००० कोटींचा, १५,००० रोजगाराचा आकडा सांगितला होता. कोल गॅसिफिकेशन म्हणजे कोळसा सरळ जाळायचा नाही, कमी ऑक्सिजनमधे वाफेसोबत तापवून त्याचा गॅस करायचा आणि त्या गॅसपासून मिथेनॉल, अमोनिया, खत असं बनवायचं. केंद्राला २०३० पर्यंत १० कोटी टन कोळसा असा वापरायचा आहे आणि त्यासाठी २०२४ च्या जानेवारीत ८,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर झाली, त्यात निवड झालेल्यांत या कंपनीचं पण नाव आहे. म्हणजे यावेळी मागे केंद्राचं धोरण आहे, निप्पॉनसारखं सगळं एका थकलेल्या वीज मंडळाच्या बिलावर अवलंबून नाही. हा फरक मी मोकळेपणाने मान्य करतो. आमच्या भागातल्या पोरांना पुण्याला जाऊन बारा तासाची शिफ्ट करावी लागते, त्यांना घराजवळ काम मिळालं तर कोणाला नको आहे.

पण गावातला राग प्रकल्पावर नाहीच मुळी, भावावर आहे. लोकांनी समृद्धी महामार्ग बघितलाय. आमच्या जिल्ह्यातून तो गेला नाही, पण वर्धेत, अमरावतीत, वाशिममधे सगळ्यांचे सोयरे आहेत. तिथे थेट खरेदीत रेडीरेकनर (सरकारी दरतक्ता) आणि खरेदी-विक्रीच्या दराच्या हिशोबाने पाच पट पैसे मिळाले, कोणी ट्रॅक्टर घेतला, कोणी नागपुरात फ्लॅट घेतला, हे लग्नाकार्यात ऐकायला मिळतं. आणि इकडे तीस वर्षांपूर्वीच्या भावाने घेतलेली तीच काळी जमीन आता नव्या कंपनीला आजच्या दराने जाणार, मधला फरक सगळा सरकारी महामंडळाकडे. आपण कास्तकार लोक भाव यायची वाट बघत कापूस घरात भरून ठेवतो ना, सरकारने तसंच केलं, फक्त कापूस दुसऱ्याचा होता आणि तो ज्या घरात ठेवला ते घर पण दुसऱ्याचंच.

लँड बँकेच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक उदाहरण वजनदार आहे, ते सांगितलं नाही तर हे लिहिणं एकांगी होईल. अमरावतीच्या नांदगाव पेठला केंद्राचं पीएम मित्र टेक्सटाईल पार्क मिळालं. २०२३ च्या मार्चमधे देशात सात जागा निवडल्या त्यात महाराष्ट्राची ही एकच, २०२४ च्या २० सप्टेंबरला वर्ध्यातून पंतप्रधानांनी त्याचं भूमिपूजन केलं. त्या योजनेची अटच होती की राज्याने निदान १,००० एकर सलग, वादमुक्त जमीन दाखवायची. नांदगाव पेठला एमआयडीसीची जमीन हाताशी होती म्हणून विदर्भाचं नाव लागलं, नसती तर गेलं असतं दुसरीकडे. कापूस पिकवणाऱ्या भागात कापड बनणार हे आपण माझ्या लहानपणापासून ऐकतोय, निदान जागा तरी नक्की झाली. तर जमीन तयार ठेवण्यात काही फायदा नाही असं मी म्हणणार नाही.

फक्त जमीन तयार असली की कंपनी येतेच असं कोणी सांगितलं तर त्याला तळेगाव आठवून द्या. वेदांता-फॉक्सकॉनच्या चिप कारखान्यासाठी पुण्याजवळ तळेगावला जागा द्यायला राज्य तयार होतं, रस्ते, बंदर, माणसं सगळं जवळ, तरी २०२२ च्या सप्टेंबरमधे दीड लाख कोटींचा तो प्रकल्प गुजरातला जाहीर झाला. आणि पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने त्यातून अंग काढलं, तो तिथे पण झाला नाही. कंपन्या सबसिडी बघतात, विजेचा दर बघतात, दिल्लीत कोणाचं चालतं ते बघतात, त्यांच्या बँका काय म्हणतात ते बघतात. जमीन त्या यादीत आहे, पण ती पहिली आहे असं कुठून आलं कोण जाणे.

माझं म्हणणं एवढंच आहे की थांबायचं भाडं कोणीतरी भरतं आणि सध्या ते सगळं एकटा कास्तकार भरतो. सरकारला जमीन पडून ठेवायला काही खर्च येत नाही म्हणूनच ती पडून राहते. कारखाना नाही आला तर उद्योग खात्यात कोणाचा पगार थांबत नाही, कुठल्या फाईलवर तारीख संपल्याचा शिक्का पडत नाही. २०१४ च्या शेवटी केंद्राने वटहुकूम काढून ती पाच वर्षांची मुदत पण सैल करायचा प्रयत्न केला होता, प्रकल्पाला जितकी वर्षं लागतील तितकी असं काहीतरी, विरोध झाला म्हणून तो वर्षभरात बारगळला. मुदतच नको हा कल सगळ्याच सरकारांचा असतो, पक्ष कोणताही असो.

यावर महसूल खात्याकडेच एक जुनी सोय आहे, एकसाली. सरकारी जमीन एका वर्षाच्या बोलीवर कसायला द्यायची, हे पिढ्यानपिढ्या चालत आलेलं आहे. जोपर्यंत कंपनीला प्रत्यक्ष ताबा देत नाही तोपर्यंत संपादित जमीन मूळ खातेदारालाच अशी वर्षाच्या बोलीवर द्या, नाममात्र भाडं घ्या, कागद द्या. त्याने मालकी येत नाही, कोर्टात सरकारची बाजू कमजोर होत नाही, उलट तो माणूस परवानगीने बसलाय हे लेखी होतं. आणि त्या कागदावर पीक पाहणी लावली की विमा, नुकसान भरपाई, हमीभावाची खरेदी यातलं निदान निम्मं तरी त्याच्या हाती लागतं, भाडेकरू शेतकऱ्याला करारनाम्यावर विमा काढता येतोच. पीएम किसान मिळणार नाही, पण वर्षाला वीस हजार जे फक्त कागदापायी जातात ते वाचतील. यासाठी नवा कायदा पण नको, मनावर घेतलं तर सरकारी आदेशावर होणारं काम आहे.

दुसरं, जमीन दुसऱ्यांदा दुसऱ्या कंपनीला जात असेल तर पहिल्या दराच्या आणि दुसऱ्या दराच्या फरकात मूळ खातेदारांचा वाटा ठेवा. किती ते बसून ठरवता येईल. एमआयडीसी काही ठिकाणी विकसित भूखंड परतावा म्हणून देतेच, म्हणजे तत्त्व मान्य आहे, भद्रावतीसारख्या जुन्या प्रकरणांना ते लावायचं तेवढं बाकी.

आता ज्यांची जमीन या पट्ट्यात आहे त्यांच्यासाठी, कारण रोज कोणी ना कोणी येऊन विचारतो. मोर्चा निघेल तेव्हा निघेल, त्याआधी कागद गोळा करा. राजपत्रातली नोटीस कधीची, निवाडा म्हणजे मोबदला ठरवल्याचा आदेश कधीचा आणि त्यात तुमच्या आज्याच्या नावासमोर किती क्षेत्र आणि किती रक्कम, पैसे करारावर घेतले की हरकत नोंदवून घेतले, ताब्याचा पंचनामा कोणत्या तारखेचा आणि त्यावर पंच कोण, फेरफार नंबर काय, हे सगळं माहितीच्या अधिकारात मागता येतं, दहा रुपयाचं तिकीट लावून. बऱ्याच घरांत यातला एक पण कागद नाही, फक्त पासबुकावरची एक जुनी एन्ट्री आहे. पंचनामा खास करून बघा, कारण सगळा खेळ त्याच्यावर आहे, पंच म्हणून ज्यांच्या सह्या आहेत ते तेव्हा हयात तरी होते का ते बघा. आणि वारस नोंद आत्ताच करून घ्या, बहिणींची नावं न गाळता, मूळ निवाड्याच्या यादीशी जुळवून. उद्या वाढीव मोबदला निघो, सानुग्रह निघो की कंपनीत नोकरी, वाटप होईल ते त्या यादीतल्या नावावरूनच होईल, आणि त्या दिवशी तहसीलसमोर भाऊ भाऊ भांडत बसले तर साहेबाला फाईल बाजूला ठेवायला तेवढं निमित्त पुरतं.